चौथा रंग

परदेशी पाहुण्यांच्या शिकारीचे चित्रीकरण करणे हे माझे काम आहे, आणि त्यानिमित्ताने माझे बहुतेक हिवाळे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतात जातात. ग्राफ-रायनेटजवळच्या कारूच्या माळावर जून महिन्यात घालवलेला एक दिवस मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या पाहुण्याला स्प्रिंगबॉक हरणाचे चारही रंग हवे होते: नेहमीचा बदामी, तांबूस, काळा आणि पांढरा. या चौकडीला तिथे ‘स्लॅम’ म्हणतात. तीन झाले होते, पांढरा राहिला होता. काळा म्हणतात तो खरे तर गडद चॉकलेटी असतो. पांढऱ्याचे डोळे आणि शिंगे काळीच असतात. असे रंग निसर्गातही क्वचित जन्माला येत, पण आज शिकारीला मिळतात ते बहुतेक कुंपणाआड निवडून वाढवलेले असतात. पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरून जनावर निसटले तरी मालकाचा हक्क जात नाही, असे १९९१ च्या कायद्याने ठरले आणि मेंढपाळी करणाऱ्या अनेकांना वन्य प्राणी पाळणे परवडू लागले. ही गोष्ट मी मनापासून चांगली मानतो, कारण त्यामुळे कितीतरी माळांवर हरणे परतली. रंगाची पैदास मात्र मला कधीच पटलेली नाही.

सकाळी गवतावर दहिवर गोठलेले होते. परदेशी शिकाऱ्याला परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय शिकार करता येत नाही. आमचा मार्गदर्शक पंचविशी उलटलेला, अतिशय काटेकोर तरुण होता. सोबत वयस्कर माग काढणारे होते, ज्यांना आम्ही सगळे ‘ताता’ म्हणत असू. खोसा भाषेत वडिलांना असेच म्हणतात. त्या दिवशी तातांना मागच काढावा लागला नाही. करड्या झुडपांत तो पांढरा नर दीड-दोन किलोमीटरवरून धुतलेल्या धोतरासारखा चमकत होता. रेहेकुरीच्या माळावर मी लहानपणी काळवीट पाहिले आहेत. त्यांच्या नराला वयाबरोबर काळा रंग चढतो आणि तो त्याला शोभतो. इथे रंग जनावराच्या अंगावर असूनही त्याच्या कामाचा नव्हता.

नरामागे दोन माद्या उभ्या होत्या, म्हणून मार्गदर्शकाने जवळजवळ तासभर गोळी झाडू दिली नाही. माद्या सरकल्या, पाहुण्याने तीन काठ्यांच्या टेकूवर रायफल ठेवली, आणि गोळी लागली ती मागे, पोटात. नर कळपाबरोबर उधळला. त्याच्या पांढऱ्या कुशीवरचा लाल डाग मला कॅमेऱ्यातून टेकडीआड जाईपर्यंत दिसत होता. साध्या रंगाच्या जनावरावर तो इतक्या लांबून दिसला नसता, आणि आम्हीही त्याला इतक्या लवकर गाठू शकलो नसतो, हेही मला मान्य केले पाहिजे. बावीस मिनिटांनी दुसरी गोळी बसली.

तातांनी गुडघे टेकून मला हाक मारली आणि कॅमेरा खाली ठेवायची खूण केली. मेलेल्या स्प्रिंगबॉकच्या पाठीवरची चुणी उलगडते आणि तिच्यातले लांब पांढरे केस पंख्यासारखे उभे राहतात. जिवंतपणी तो उड्या मारताना हाच पंखा फुलवतो. मी नाक लावले. मधासारखा गोड, उबदार वास होता, अगदी पहिल्या दिवशी मारलेल्या बदामी नराचा होता तसाच. थोड्याच वेळात तो विरला.

मग बाटलीतल्या पाण्याने कुशीवरचे रक्त धुऊन फोटो काढले गेले. बक्कीतून, म्हणजे तिथल्या पिकअप गाडीतून, परतताना मार्गदर्शक सांगत होता, की काही वर्षांपूर्वी काळ्या इम्पाला हरणाचा नर लाखो रँडांना विकला जाई आणि नंतर ते भाव कोसळले. अशा निवडक पैदाशीला आवर घालावा, असा ठराव २०१६ साली हवाईत आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या परिषदेत झाला होता, हेही त्याला ठाऊक होते. ‘‘आम्ही मांस वाया घालवत नाही,’’ तो म्हणाला, आणि ते खरे होते. संध्याकाळी सारे मांस कामगारांच्या घरी गेले.

दोन गोळ्यांमधली ती बावीस मिनिटे पाहुण्याच्या सांगण्यावरून मी त्याच्या चित्रफितीतून काढली. मूळ चित्रण माझ्याकडे जपून ठेवलेले आहे.