आई, म्हणजे इथेच?

माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि सध्या कुठलीही गोष्ट सांगितली की तिचा एकच प्रश्न असतो, "आई, म्हणजे इथेच?" हो म्हटलं की ती पायाखाली बघते. खरंच खाली वाकून, फरशीकडे. मला ते इतकं आवडतं की आता मी गोष्टीच अशा शोधते ज्यांचं उत्तर "हो, इथेच" असेल.

सुरुवात ठाणे स्टेशनवर झाली. आम्ही दादरला आजीकडे निघालो होतो, लोकल लेट, ही कंटाळलेली, मोबाईल दे मोबाईल दे चाललेलं. मी सहज म्हटलं, अगं आपल्याकडची पहिली पॅसेंजर गाडी कुठे आली होती माहितीये का, ठाण्यालाच, मुंबईच्या बोरीबंदरहून निघाली होती. 16 एप्रिल 1853 ही तारीख मी मोठ्या उत्साहाने सांगितली पण त्यात तिला काडीचा इंटरेस्ट नव्हता. मग सांगितलं की गाडीला तीन इंजिनं होती आणि त्यांना नावं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. झालं! इंजिनाला नाव असतं हे तिच्या दृष्टीने जगातलं सगळ्यात भारी होतं. निघताना 21 तोफा उडवल्या, 14 डबे होते, 400 माणसं बसली होती. त्यावर ती लगेच म्हणाली, आपल्या गाडीला 12 डबे आणि तिला 14, म्हणजे ती मोठी? मग तिला समजावलं की ते डबे छोटे होते गं, एका डब्यात तीस माणसंसुद्धा नव्हती. तेवढ्यात आमची लोकल आली, आम्ही कशाबशा आत शिरलो आणि ही माझ्या कडेवरून डब्यातली माणसं मोजत बसली, कळव्याच्या कुणा काकूंनी तिला मोजायला मदत पण केली, मुलुंडपर्यंत साठच्या वर गेल्या दोघी. ती पहिली गाडी 34 किलोमीटर धावली, म्हणजे किती हे तिला कळत नाही, पण "आपण ज्या रुळावरून आजीकडे जातो त्याच वाटेने" हे बरोब्बर कळलं.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती सांगायलाच हवी कारण बरेच आईबाबा हेच करतात. तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठी, गेलो की ही कठड्यावर चढायची, म्हणून मी सांगून टाकलं की मासुंदा तलावात एक मोठ्ठा मासा राहतो आणि तो कठड्यावर चढणाऱ्या मुलांना ओढून नेतो. त्यानंतर दोन महिने ती तलावाच्या बाजूने चालेना. बोटीत बसायचं नाव काढलं की रडारड. जी जागा मी स्वतः लहानपणापासून इतकी जीव लावून बघितली, संध्याकाळी बाबांचं बोट धरून भेळ खात चक्कर मारायचो ती, तिचीच मी माझ्या मुलीला भीती घातली, याचं मला खूप वाईट वाटलं. शेवटी एक दिवस तिथेच बाकावर बसून तिला स्वच्छ सांगितलं की माशाची गोष्ट आईने बनवलेली होती आणि ती चुकीची होती, कठड्यावर चढायचं नाही कारण तोल जातो, बास. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, गोष्ट सुरू करायच्या आधी सांगायचं, खरी का बनवलेली. दोन्ही चालतात. राक्षस, पऱ्या सगळं चालतं, फक्त भीती दाखवून काम करून घ्यायला जागेचा वापर करायचा नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. लहान मुलं जागा विसरत नाहीत हो.

मग त्याच तलावाची खरी गोष्ट सांगितली. शेजारी कौपिनेश्वराचं देऊळ, आत गेलं की पायाला गार फरशी लागते आणि समोर ती भली मोठी पिंड. हिने दोन्ही हात पसरून माप घेतलं, पुरले नाहीत. इथे आधी पोर्तुगीजांचं राज्य होतं, 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि पुढे 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, एवढं सगळं मी तिला "एक रामाजी आजोबा होते त्यांनी देऊळ परत नीट केलं" असं सांगितलं. पुरे की. किल्ल्याचं मात्र अवघड आहे, ठाण्याचा किल्ला म्हणजे आता जेल, आत नेऊन दाखवता येत नाही, बाहेरून भिंत दाखवली आणि पुढे गेलो.

पण सगळ्यात छान गोष्ट मी सांगितलेलीच नाहीये. आमच्याकडे ज्या मावशी मासे घेऊन येतात त्या खाडीकाठच्या, आणि एकदा त्यांच्या पाटीत निवट्या होत्या. हिने विचारलं हा कुठला मासा. मावशी पाटी खाली ठेवून बसल्याच! ओहोटीला चिखल उघडा पडतो, निवटी त्या चिखलावर उड्या मारते, पाण्याबाहेर पण जगते, तिचं बीळ असतं आणि त्यात हात घालून पकडायची, लहानपणी आम्ही ढोपरभर चिखलात जायचो बघ बाय. बोलता बोलता त्यांनी हात कोपरापर्यंत कसा घालायचा ते करून दाखवलं, बोटं अशी हळूच मिटत. मी इंटरनेटवरून वाचून कितीही सांगितलं असतं तरी तो हात मला कुठून जमणार. त्यामुळे आता मी ज्याची जागा त्यालाच विचारते.

फेब्रुवारीत ऐरोलीहून बोटीने खाडीत फ्लेमिंगो बघायला गेलो (बोटी भरती बघून सुटतात, आधी वेळ विचारून जा). पिल्लं राखाडी असतात आणि खाडीतलं शेवाळ, बारीक जीव खाऊन खाऊन मोठेपणी गुलाबी होतात, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळून खातात, हे मी बोटीत सांगितलं. ही बराच वेळ गप्प. मग एका फिकट पक्ष्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हा अजून नीट जेवला नाहीये."

परवा पुण्याहून तिचा आतेभाऊ आला होता, चार वर्षांचा. स्टेशनच्या पुलावर गर्दीत तिने त्याचा हात घट्ट धरला आणि सुरू झाली, "ही खरी गोष्ट आहे हं. साहिब, सिंध आणि सुलतान..." तो म्हणाला कुठे? तिने खाली रुळांकडे बोट दाखवलं.