रिपीटमध्ये दुसऱ्या वेळी हळू आवाजात: मिन्युएट कुठवर आला

"मावशी, मी दुसऱ्यांदा हळू आवाजात वाजवते पण तुझ्या पियानोचा आवाज हळू होतच नाही, मग माझं व्हायोलिन ऐकूच येत नाही."

भाचीच्या या एका तक्रारीवर माझे दोन आठवडे गेले. पीस सगळ्यांच्या ओळखीचा आहे, संगीतकार बाखची बायको ॲना माग्डालेना हिच्या १७२५ च्या वहीतला जी मेजरचा मिन्युएट (तीन मात्रांच्या नाचाचा छोटा तुकडा), जो बरीच वर्षं बाखच्या नावावर होता आणि खरा ड्रेस्डेनचा ऑर्गनिस्ट क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा आहे. ३२ बार (तीन-तीन मात्रांचे खण), १६-१६ चे दोन भाग, दोन्ही भागांना रिपीट, म्हणजे प्रत्येक भाग लागोपाठ दोनदा. वरची ओळ तिच्या व्हायोलिनला दिली, खाली पियानोची साथ मी बसवली, आणि मिक्सरमध्ये व्हायोलिन म्यूट करून तिला सरावासाठी ट्रॅक काढून द्यायचा एवढंच काम होतं. तिच्या टीचरनी सांगितलंय पहिल्यांदा एफ (फोर्टे, मोठा आवाज), रिपीटला पी (पियानो, हळू आवाज), लांबून हाक परत आल्यासारखं. मूळ वहीत एफ-पी काहीच लिहिलेलं नाही, ते वाजवणाऱ्याने ठरवायचं.

स्वरलिपी लिहून ती वाजवून दाखवणारं म्युझस्कोर ३.६.२ हे सॉफ्टवेअर मी वापरते. पहिल्या दिवशी माझं डोकं असं चाललं की पहिल्या बारला एफ आहेच, मग सोळाव्या बारच्या शेवटच्या बीटवर एक पी टाकायचा आणि तो लपवायचा, म्हणजे रिपीटला मागे जाताना तो पी बरोबर घेऊन जाईल. वाजवलं तर फक्त ती शेवटची बीट दबली, आणि पहिल्या बारवर उडी मारली रे मारली की परत दणदणीत एफ. मग पहिल्या बारचा एफ काढून बघितला, म्हटलं आता तरी पी टिकेल, तर तिथे एमएफ (मध्यम मोठा) वाजायला लागला, कारण काहीच लिहिलेलं नसेल तर म्युझस्कोर आवाजाचा जोर ८० धरतो. (एफ म्हणजे ९६, पी म्हणजे ४९, कॉम्प्युटरला स्वर कळवायच्या मिडी या पद्धतीत हे माप १२७ पर्यंत.)

इथे मला गोष्ट कळली आणि ती कळल्यावर बाकीचं सोपं झालं. आपण वाजवतो तेव्हा हात आत्ता जिथे आहे तिथून पुढे जातो, मागे काय वाजलं ते हाताला आठवत असतं. सॉफ्टवेअर तसं चालत नाही, त्याच्यासाठी डायनॅमिक, म्हणजे एफ-पी सारखी आवाजाची खूण, कागदावरच्या जागेला चिकटलेलं असतं, आणि रिपीटला तो परत त्याच जागेवर जातो म्हणून त्याच जागेचा आकडा उचलतो. पहिली वेळ आणि दुसरी वेळ हा फरक त्याला माहीतच नाही. त्यामुळे एकाच बारला दोन आकडे द्यायचे कितीही जुगाड करा, बार एकच आहे तोवर ते होत नाही.

मग बार दोन करायचे. आधी व्होल्टा, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वेळेला वेगळे बार वाजवायला सांगणारे ब्रॅकेट, वापरून बघितलं, पहिल्या ब्रॅकेटखाली पूर्ण १६ बार, दुसऱ्या ब्रॅकेटखाली तेच १६ बार पी मध्ये. आवाज अगदी हवा तसा आला, पण एका पानाचा मिन्युएट दोन पानांवर गेला, आणि दहा वर्षांच्या मुलीने वाजवता वाजवता पान उलटायचं हे मला पटेना.

शेवटी टूल्स मेनूतलं अनरोल रिपीट्स. ते सगळे रिपीट उलगडून सलग बार असलेली वेगळी कॉपी करून देतं. ३२ चे ६४ झाले: १ ला एफ, १७ ला पी, ३३ ला एफ, ४९ ला पी. छापायची फाईल वेगळी, ऐकायची वेगळी. छापायच्या फाईलमध्ये रिपीट तसेच ठेवले आणि वर स्टाफ टेक्स्टमध्ये "पहिल्यांदा एफ, दुसऱ्यांदा पी" असं साधं लिहिलं, ते म्युझस्कोर वाचत नाही पण भाची वाचते आणि तेवढंच हवंय.

एक चूक मात्र महागात पडली, मी उलगडण्याची घाई केली. नंतर डाव्या हातात दहाव्या बारला एक चुकीचा स्वर सापडला, तो छापायच्या फाईलमध्ये दहाव्या बारला, आणि ऐकायच्या फाईलमध्ये दहाव्या आणि सव्विसाव्या बारला, असा तीन ठिकाणी दुरुस्त करावा लागला, आणि सव्विसावा मी विसरले तो भाचीने पकडला. आता सगळे स्वर, स्लर, बोटं तपासून झाल्याशिवाय अनरोलला हात लावत नाही.

आता पी बद्दल. ९६ वरून एकदम ४९ म्हणजे कुणीतरी व्हॉल्यूमचं बटण फिरवल्यासारखं वाटतं, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर डावा हात जवळजवळ गायबच होतो. पी वर क्लिक करून इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या खुणेची सेटिंग्ज दाखवणारी चौकट) व्हेलॉसिटी, म्हणजे तोच जोराचा आकडा, बदलता येते, मी ती ५८ केली. पण ५८ ला डावा हात उजव्या हाताच्या डोक्यावर बसायला लागला, कारण पियानोच्या दोन्ही स्टाफना (दोन हातांच्या स्वरांच्या ओळी) एकच पी लागू होता. तिथेच डायनॅमिक रेंज, म्हणजे खूण कुठवर लागू होते ते, पार्टवरून (पूर्ण वाद्य) स्टाफवर आणली आणि दोन्ही हातांना वेगळा पी दिला, वर ५८, खाली ५०. संध्याकाळी हेडफोन लावून सतरावा बार किती वेळा ऐकला असेन कोण जाणे. पंधराव्या-सोळाव्या बारवर एक छोटा डिमिन्युएंडोचा हेअरपिनही (आवाज हळूहळू कमी करायची निमुळती खूण) टाकला, फक्त ऐकायच्या फाईलमध्ये, त्यामुळे सतराव्या बारचा पी आता अंगावर येत नाही, हळूच उतरतो.

माझ्या एका मैत्रिणीकडे सिबेलियस हे दुसरं असंच सॉफ्टवेअर आहे, तिला हे उलगडणं लागतच नाही. तिथे इन्स्पेक्टरमध्ये प्ले ऑन पास म्हणून १ ते ८ चे चौकोन असतात, एकाच जागी एफ आणि पी दोन्ही ठेवायचे, एफ ला फक्त १ टिक, पी ला फक्त २, आणि जो दिसायला नको तो लपवायचा. बघून हेवा वाटला खरंच. लिलीपॉन्ड या तिसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना तर वाजवायची मिडी फाईल काढताना अनफोल्ड रिपीट्स लिहावंच लागतं, नाहीतर रिपीट वाजतच नाही, त्यामुळे छापायचा स्कोर वेगळा आणि वाजवायचा वेगळा ही सवय त्यांना पहिल्यापासून.

उलगडलेल्या कॉपीचा एक फायदा माझ्या उशिरा लक्षात आला. दुसऱ्या वेळेचे बार आता स्वतंत्र आहेत म्हटल्यावर नुसता आवाजच हळू कशाला, दोन ठिकाणी मॉर्डंटही (शेजारच्या स्वराला चटकन शिवून येणारी सजावट) टाकले. आपल्याकडे अस्थाई चार वेळा आली तरी कुणी चारही वेळा एकसारखी म्हणत नाही, आणि तिकडेही तेव्हा तसंच होतं. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७६० मध्ये बदललेल्या रिपीटचे सहा सोनाटा छापले, त्यात दुसरी वेळ त्याने स्वतः पूर्ण लिहून काढली, रिपीटच्या खुणेवर सोडली नाही. म्हणजे अनरोलच की ते, हाताने केलेलं!

आता पुढचा भाग जोडीचा जी मायनर मिन्युएट, त्याचेही ३२ बार, आणि मग दा कापो (पुन्हा सुरुवातीपासून) करून परत जी मेजर, यावेळी रिपीट न घेता. दा कापोच्या खुणेवर क्लिक केलं की प्ले रिपीट्सचा चौकोन दिसतो, तो रिकामा ठेवायचा, मग उलगडल्यावर ६४ अधिक ६४ अधिक ३२ असे १६० बार व्हायला हवेत. परत येताना प्रत्येक भाग एकदाच वाजतो, तेव्हा एफ घ्यायचा की पी यावर भाचीचं आणि माझं एकमत नाही. ती म्हणते एफ, मला वाटतं एमएफ ने सुरू करून शेवटच्या आठ बारांत वर जावं. रविवारी ती येणार आहे, दोन्ही ट्रॅक काढून ठेवलेत, तिने दोन्हींबरोबर वाजवून बघायचं.