डाव्या बाहीचा कागद

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका नाट्यगृहाच्या शिवणखोलीत मी अकरा वर्षं कटिंग करते. डिझायनर चित्र काढून देते. त्यावरून मी कागदी खाका बनवते, मांजरपाटात कच्चं शिवून बघते आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावते. कात्री धरायला शिकले ती मात्र इस्लामपुरात, आईच्या दुकानात, ब्लाउजच्या अस्तरांवर.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही १९३५ साली घडणारं एक नाटक करत होतो. नायिका कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची बायको. डिझायनरने तिच्यासाठी उरेप, म्हणजे धाग्याला तिरपा कापलेला साटीनचा ड्रेस काढला होता, अंगावरून पाण्यासारखा ओघळणारा. मला तो पटत नव्हता. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने उरेप कापडातून जे घडवत होती त्याला तोड नाही, मान्य. लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड गुंडाळत ती ड्रेस रचायची आणि त्यासाठी जास्त पन्ह्याचं कापड खास विणून घ्यायची. पण तिरपं कापलं की कापड भरपूर वाया जातं. मंदीच्या वर्षांत खाणवस्तीतल्या घरी ते कुठून येणार? त्या काळावरची नाटकं बसवताना सगळे सिनेमातल्या नट्यांचे फोटो समोर ठेवतात आणि घरच्या मशीनवर शिवणाऱ्या लाखो बायका विसरतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. म्हणून आम्ही गावात सांगून ठेवलं होतं, की कोणाकडे त्या काळातले घरी शिवलेले कपडे किंवा खाके असतील तर दाखवायला आणा.

गुरुवारी सकाळी सत्तरीच्या एक बाई पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आल्या. म्हणाल्या, "आजीचं आहे. आईने माळ्यावर ठेवलं होतं. टाकवत नाही आणि उघडून काही कळत नाही."

आत विकतच्या कागदी खाक्यांची वीसेक पाकिटं निघाली. वरची १९२० च्या दशकातली होती आणि ती बघताच त्या काळी घरोघरी शिवण का वाढलं ते समजतं. ड्रेस सरळ नळीसारखा, कंबर ढुंगणावर उतरलेली, छातीला टक्स जवळजवळ नाहीत. आमच्यापासून लांब नसलेल्या स्क्रँटन गावात १९१६ साली मेरी ब्रुक्स पिकन यांनी बायकांना टपालाने शिवण शिकवणारी संस्था काढली होती. एका तासात शिवून होणारा त्यांचा ड्रेस फार गाजला. कापड दुमडायचं, बाही अंगातच कापायची, दोन्ही कडा शिवायच्या, कमरेपाशी चुण्या घालायच्या आणि खालची पट्टी दुमडायची. मुंढा नाही, म्हणजे बाही बसवायची कटकटच नाही.

१९२९-३० च्या सुमाराला हे सगळं पालटलं. कंबर जागेवर आली, घेर पोटरीपर्यंत उतरला, ड्रेस अंगासरशी बसू लागला. मुंढा आला, खांदा आला. १९३२ साली हॉलिवूडचा वेशभूषाकार एड्रियन याने नटी जोन क्रॉफर्डला मोठ्या झालरींच्या बाह्यांचा पांढरा ड्रेस घातला आणि फुगीर बाह्यांची लाटच आली. आता घरी शिवणाऱ्या बाईला आपलं अंग नीट माहीत असावं लागे, कारण पाकिटात एकाच मापाचा खाका मिळायचा. सोळा नंबर घेतला तर छाती ३४ इंच. तुमची ३७ असेल तर पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

मी उघडलेलं पाकीट १९३० च्या दशकातलंच होतं. सिम्प्लिसिटीचं, सोळा नंबर. ही कंपनी १९२७ साली सुरू झाली आणि तिचा खाका १५ सेंटला मिळायचा, म्हणून साध्या घरांतून तो खूप खपला. आतला टिश्यू कागद कोरा, त्यावर एक अक्षर नाही. कागदावर रेषा आणि सूचना छापण्याचं पेटंट मॅकॉल कंपनीकडे होतं, त्यामुळे बाकीच्यांच्या खाक्यांवर बरीच वर्षं नुसती भोकं असत. मोठी भोकं एका ओळीत आली की तो उभा धागा, बारकी आली की टक्स किंवा चुण्यांची जागा, कडेला खाचा. सोबतच्या पत्रकावरून ताडून बघायचं. मला हे कागद वाचायला फार आवडतात. बोटाने भोकं चाचपत गेलं की कापड कसं पडणार ते दिसू लागतं.

पुढचा भाग, पाठ, सहा कळ्यांचा स्कर्ट, कॉलर आणि बाही असे तुकडे मी टेबलावर मांडले. बाही लांब आणि खांद्यावर फुगीर. टिश्यूच्या बाहीखाली वर्तमानपत्राचा एक तुकडा होता. पाकीट चुरगळू नये म्हणून घातलेलं रद्दीचं पान असेल असं समजून मी तो कचऱ्याच्या टोपलीकडे नेलासुद्धा. तेवढ्यात कडेला खाच दिसली.

रद्दीला कोणी खाचा मारत नाही.

मग तो मी टिश्यूच्या बाहीवर ठेवला. तीही बाहीच होती, पण वेगळी. डोक्याचा गोल पाऊण इंच उंच आणि जवळजवळ दोन इंच रुंद. कोपराच्या खाली मात्र सव्वा इंच अरुंद, आणि लांबी पाऊण इंच कमी. एका कोपऱ्यात पेन्सिलने मोठा 'एल' काढलेला. एका जाहिरातीखाली नोव्हेंबर १९३५ वाचता येत होतं.

माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, "चुकीचा कापलेला दिसतोय." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण चुकलेल्या कागदाला एवढी टाचण्यांची भोकं नसतात. त्याची कड चाळणी झाली होती. एका ठिकाणी कागद फाटून मागून दुसरी पट्टी चिकटवली होती. म्हणजे या खाक्यावर बाही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा कापली होती. 'एल' म्हणजे लेफ्ट. डावी बाही.

आई गिऱ्हाइकाचं माप नेहमी दोन्ही बाजूंचं घ्यायची. दंड दोन्ही, खांदे दोन्ही. शेतात राबणाऱ्या बायकांचा उजवा दंड भरलेला असतो, डोक्यावरून पाणी वाहणारीचा एक खांदा उतरता असतो. त्यामुळे माझ्या मनात आधी आलं, की या बाईचा उजवा हात कामाने जाड झाला असेल. पण मग उजव्या बाहीचा कागद वाढवला असता. इथे उजवी बाही कंपनीने दिली तशीच वापरली होती, बदल डाव्या बाजूलाच होता. आणि हात बारीक असेल तर बाहीचं डोकं मोठं कशाला?

मी मांजरपाट काढला. अर्ध्या तासात दोन्ही बाह्या कापून, चुण्या घालून, कच्च्या धावदोऱ्याने शिवणखोलीतल्या माणसाएवढ्या बाहुलीच्या मुंढ्यात बसवल्या. डाव्या बाजूचं खांद्याचं पॅडिंग काढलं आणि त्या दंडाची कापसाची भरणही कमी केली. मग चार पावलं मागे गेले.

दोन्ही खांदे सारखे दिसत होते.

डाव्या बाहीत वर जास्तीच्या चुण्या होत्या. त्या उभ्या राहून खांद्याची खोल जागा भरून काढत होत्या. खाली बाही अरुंद असल्यामुळे बारीक हातावर लोंबत नव्हती. आखूड केल्यामुळे कफ बरोबर मनगटावर टेकत होता. पाकिटाच्या तळाशी ताठ जाळीचा, अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा पडून होता. तो नक्की कशाचा ते आत्ता कळलं. चुण्या दबून खाली बसू नयेत म्हणून आतून लावायचा तो आधार होता.

बाई तोवर खुर्चीवर कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "तुमच्या आजींच्या डाव्या हाताला काही झालं होतं का?"

त्यांनी बाहुलीकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोलिओ. सहा वर्षांची असताना. हात खांद्यापासून वाळलेला होता. पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

१९१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या या भागात पोलिओची मोठी साथ आली होती. देशभरात सुमारे २७,००० जणांना लागण झाली आणि ६,००० च्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक मुलं. जी वाचली त्यांतली एक इथे या टेबलावर कागदाच्या रूपाने पडली होती.

"फोटोंमध्ये कधीच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, ती मुद्दाम तशी वळून उभी राहायची."

ती वळून उभी राहत नव्हती. तिने शिवलं होतं. १९२० च्या दशकातल्या सैल, अंगातच कापलेल्या बाह्यांत हात आपोआप झाकला गेला असणार. फॅशन बदलून मुंढा आला तेव्हा खांदा उघडा पडला, आणि त्याच फॅशनने आणलेली फुगीर बाही तिने आपल्या कामाला लावली. टिश्यूची बाही तीन ठिकाणी चिरून, फाकवून, खाली वर्तमानपत्र ठेवून तिने तो गोल काढला असणार. तशाच तीन चिरा टिश्यूवर होत्या, मागून काळजीपूर्वक चिकटवून बुजवलेल्या. आम्ही आज बाही फुगवताना हेच करतो. हे तिला कोणी शिकवलं की तिचं तिनेच शोधलं, हे बाईंनाही माहीत नव्हतं. ड्रेस डाव्या कुशीला टिच बटणांनी उघडायचा, त्या काळचे बहुतेक तसेच असत. निदान तिथे तरी उजवा हात सहज पोहोचत असेल.

दुपारी डिझायनर आली. मी साटीनबद्दल वाद घातला नाही. बाहुली दाखवली, कागद दाखवले. सहा कळ्यांचा स्कर्ट तिने टेपने स्वतः मोजला. प्रत्येक कळी इतकी अरुंद होती, की कापड कोणत्याही पन्ह्याचं असो, तुकड्यातुकड्यांतून निघेल. नायिकेचा ड्रेस शेवटी बारीक फुलांच्या सुती कापडाचा झाला, त्याच खाक्यावर. दोन्ही बाह्या अर्थात उजवीच्या, कारण आमच्या नटीचे हात सारखे आहेत. डिझायनरने मांजरपाटाची डावी बाही मात्र बाहुलीवरून काढू दिली नाही. नाटक संपेपर्यंत ती तशीच राहिली.

सगळे कागद मी ट्रेस करून घेतले. बाईंनी खोकं आम्हाला ठेवायला दिलं, पण वर्तमानपत्राचा तो तुकडा परत मागितला. तो मी कोमट इस्त्रीने, वर मलमल ठेवून सरळ केला आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला. देताना त्यांनी विचारलं, "हा घालून बघता येतो का?"

"कागद फाटेल," मी म्हटलं. "पण मांजरपाटात कापून देते."

त्यांनी कार्डिगन काढलं. मी त्यांच्या दोन्ही दंडांची मापं घेतली.