बाबांचे अभंग आणि फुकटचे प्लगइन

बाबांचे अभंग घरी रेकॉर्ड करायला घेतले तेव्हा मी आधी सेलमध्ये प्लगइनचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या आवाज सुधारणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, एक मोठा बंडलच घेतला होता, अर्धे कधी उघडले नाहीत आणि लॅपटॉप बदलल्यावर लायसन्सची कटकट वेगळीच. आता रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, घरगुती वापराचं लायसन्स 60 डॉलर, आणि त्यासोबत येणारे रीईक्यू (ईक्यू, म्हणजे आवाजातले वेगवेगळे पट्टे, बँड, कमीजास्त करणारा) नि रीकॉम्प (कॉम्प्रेसर, आवाजातला चढउतार आटोक्यात ठेवणारा) दिसायला साधे पण काम चोख.

पण जीव जडलाय तो टीडीआर नोव्हावर. फुकट आहे आणि डायनॅमिक ईक्यू आहे, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तेवढ्यापुरताच तो बँड दाबतो. बाबांनी वरचा सा लावला की 3 किलोहर्ट्झच्या आसपास कानाला टोचायचं, साध्या ईक्यूने तिथे कापलं तर खालच्या ओळी पार मंद, शब्दच कळेनात. नोव्हात थ्रेशोल्ड, म्हणजे ती ठरलेली पातळी, लावला आणि फक्त त्या सा पुरता 3-4 डेसिबल खाली आला, बाकी गाणं जसंच्या तसं! आईला ऐकवलं तर म्हणाली, समोर बसून गातायत असं वाटतंय.

रिव्हर्बला, म्हणजे आवाजाला घुमारा द्यायला, वल्हाला सुपरमॅसिव्ह, तोही फुकट, पण टाळ असतील तर जरा जपून, घुमाऱ्याची शेपूट लांब ठेवली की सगळा गिचका होतो. आवाजातल्या फ्रिक्वेन्सी आलेखात दाखवणारा व्हॉक्सेंगो स्पॅन मात्र मास्टरवर (सगळं मिसळून येतं त्या शेवटच्या ट्रॅकवर) कायम उघडा असतो, पेटी नि गळा 200 ते 400 हर्ट्झमध्ये कसे एकमेकांवर चढलेत ते डोळ्यांना दिसतं.

वाचलेल्या पैशात दोन जाड गोधड्या आणून बाबांच्या पाठीमागे टांगल्यात, खोलीचा घुमारा बराच कमी झालाय.