लखमापूर फाट्याचा ठिपका

गडावर जायचं ठरलं की आदल्या रात्री जेवणं आटोपून मी कॉम्प्युटरपुढे बसतो. बायको म्हणते, "अहो, वणीला जायला नकाशा कशाला? डोळे मिटून जाल." खरंय. पंचवटीत राहून गोदावरी कुठेय म्हणून विचारण्यातला प्रकार. पण मला रस्ता शोधायचा नसतोच, आखायचा असतो. मोठ्या पडद्यावर नकाशा पसरावा, माऊसने म्हसरूळ, दिंडोरी, वणी, नांदुरी अशी रेघ ओढत न्यावी आणि कोपऱ्यातला किलोमीटरचा आकडा वाढताना बघावा. निम्मी सहल तिथंच उरकते, पेट्रोल न जाळता.

फोनवर हे सुख नाही. तिथे एका अंगठ्याखाली अख्खा दिंडोरी तालुका झाकला जातो. शिवाय घाटात रेंज गेली की फोनचा चेहरा पडतो. माझ्या रस्ता सांगणाऱ्या जीपीएस डबीच्या पोटातच नकाशा आहे, तिला रेंज लागत नाही. रेघ काढून झाली की तिची जीपीएक्स, म्हणजे रस्ता साठवायची, फाइल करायची, केबल लावायची आणि फाइल डबीत सोडायची. हा जीपीएक्स प्रकार 2002 सालचा, पण अजून सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना कळतो. आमच्या घरात तेवढ्या जुन्या चार्जरचं एकही टोक आज कशात बसत नाही.

पहिल्यांदा मात्र या डबीने मला फसवलं. रात्री मी रेघ दिंडोरीवरून काढली, आणि सकाळी डबीतल्या बाईसाहेब मला आग्रा हायवेने पिंपळगाव बसवंतला न्यायला निघाल्या. पुढे कळलं की डबी आपली रेघ घेतच नाही. ती फक्त ठिपके घेते आणि मधला रस्ता स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या सेटिंगप्रमाणे नव्याने काढते. सेटिंग होतं 'कमीत कमी वेळ'. नाशिक आणि नांदुरी ही दोन टोकं तिला कळली होती. द्राक्षबागा बघत जायची माझी हौस तिच्या हिशेबात नव्हती.

उपाय सोपा होता. मध्ये आणखी ठिपके ठोकायचे. त्यातही दोन जाती. एक नुसताच रस्ता वळवतो आणि गप्प बसतो. दुसरा 'पोहोचलात' अशी घोषणा करतो आणि तिथे गेल्याशिवाय पुढे सोडत नाही. मी फेब्रुवारीतल्या एका रात्री, झोपेच्या तारेत, लखमापूर फाट्याजवळ ही दुसरी जात ठोकली. तीही नकाशा लहान करून.

सकाळी दिंडोरी मागे पडली आणि डबी म्हणाली, डावीकडे वळा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी डबीकडे पाहिलं. वळलो. डांबर संपलं, मुरूम लागला, मुरूम संपला आणि गाडी एका द्राक्षबागेच्या फाटकाशी थांबली. "आपण पोहोचलात," डबी म्हणाली.

आत काढणी चालली होती. कॅरेटं रचणारा एक माणूस हात पुसत आला. "कुठं चालले, भाऊ?"

"वणीला."

"मग इकडं कसे काय?"

काय सांगणार? मे 2000 पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, तेव्हा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायचं. आता ती सबबही उरलेली नाही. जागा सांगायला कमीत कमी चार उपग्रह लागतात. ते वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपलं काम चोख करत होते. माझा माऊस तेवढा रस्त्याच्या बाजूला पडला होता.

"रस्ता चुकलो," मी म्हणालो.

तो हसला. डबीकडे बघून म्हणाला, "आणि हे सांगत नाही का?" मग दोन किलो द्राक्षं कागदात बांधून दिली. पैसे घेतले, पण भाव बागेतला लावला.

रात्री डबी पुन्हा कॉम्प्युटरला जोडली. ठरवलेली रेघ एका रंगात, प्रत्यक्ष गेलेली दुसऱ्या. दोन्ही एकमेकींवर बिनबोभाट पडल्या होत्या, फक्त लखमापूर फाट्याजवळ एक इवलीशी चोच बाहेर आलेली. नकाशा चांगला मोठा केला आणि ठिपका उचलून बरोबर डांबरावर आणून ठेवला.

स्वयंपाकघरातून द्राक्षं धुण्याचा आवाज येत होता. "काढला का हो तो ठिपका?"

"सरकवला."

"राहू द्यायचा की. एवढी गोड नाक्यावर मिळत नाहीत."