बाईंनी माईक बंद करायला लावले

सांगलीकडे ‘सौभद्र’ या संगीत नाटकाचा प्रयोग होता. ऑर्गनवर मी. सुभद्रा झालेल्या बाईंचं नाव लिहीत नाही. गळा मोठा आणि जीभही तितकीच तिखट.

‘वद जाऊ कुणाला’चा मुखडा झाला आणि कर्ण्यातला आवाज वाढला. पुढच्या ओळीला आणखी वाढला. बाईंनी पद तिथेच तोडलं आणि विंगेत बसलेल्या ध्वनीवाल्या पोराकडे बघून म्हणाल्या, “कोण रे बसलंय तिथे? माझ्या गळ्याचा पत्रा केलास. बंद कर सगळं.”

भरल्या नाट्यगृहात टाळ्या पडल्या. कलावंताने कुणाला झापलं की आपल्या प्रेक्षकांना फार आवडतं, हे मला कधीच रुचलेलं नाही.

माईक गेले की खरी कसोटी साथीची. पायाचा जोर वाढला तर ऑर्गन बाईंच्या बारीक जागा गिळतो, भाता सैल पडला तर सूर बसतो. आवाज कमी करायला मी ऑर्गनचे दोन खटके आत ढकलले, गुडघ्याने दाबायची पट्टी सोडली आणि नुसता सुरांचा भरणा देत राहिलो. तबलजींनी बायाँ दाबून धरला. ‘शरण’मधला ‘ण’सुद्धा स्वच्छ ऐकू आला, असं शेवटच्या रांगेतले लोक नंतर सांगत होते. असं पद वाजवायला मिळावं म्हणून तर मी या धंद्यात आहे.

मध्यंतरात मी म्हटलं, “बाई, पोराने आपण होऊन आवाज नाही वाढवला. आयोजक सारखे निरोप धाडत होते.”

बाईंनी आयोजकांना तिथेच बोलावून घेतलं. “1921 साली दोन मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्व आणि केशवराव भोसले काय माईकवर गायले? ऐकू येत नसेल तर आधी तुमचे पंखे बंद करा.” मानधन अजून हातात पडायचं होतं, तरी बोलल्या. पोराला मात्र एक शब्द नाही.

“खरं तेच बोलले ना मास्तर?”

“खरंच होतं. पण ते त्या पोराला सगळ्यांदेखत ऐकावं लागलं.”

थोडं थांबून म्हणाल्या, “त्याला तालमीला बोलवा. पद ऐकल्याशिवाय तो आवाज लावणार कसा?”

हेही खरंच. पडद्यांवर, शालूंवर खर्च करणाऱ्या आमच्या मंडळ्या ध्वनीवाल्याला थेट तिसऱ्या घंटेला उभा करतात.

पोरगं तालमीला आलं नाही. फोन केला तर म्हणाला, “काका, मी आता लग्नातले ऑर्केस्ट्रे घेतो. तिथे कुणी गाणं थांबवून बोलत नाही.”