वारा पाठीला, ऊन पाठीला

रविवार, डिसेंबरचा पहिला आठवडा

सुगी आटोपत आली. बेळगावजवळ येळ्ळूरपासून वडगाव-शहापूरपर्यंतचं शिवार भाताच्या खुंटांनी पिवळट दिसतं आहे. मधेमधे गंजी, आणि जिथं नांगर फिरलाय तिथं काळीभोर माती. वर्षातले हे थोडेच दिवस मी जपून वापरते, कारण उडणारी कापशी (पांढऱ्या पोटाची छोटी घार) खालून उजळते ती याच दिवसांत.

उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो बघितला की लोक आधी लेन्स विचारतात. चारशेची का सहाशेची, कुठल्या कंपनीची, केवढ्याला घेतली. लेन्स लागतेच, त्यात वाद नाही. पण माझं लक्ष आताशा जमिनीकडे जास्त असतं. सूर्य वर, कापशी मधे, आपण खाली. म्हणजे आपल्याला दिसते ती तिची सावलीतली बाजू. सकाळच्या पहिल्या तासाभरात तिरपं ऊन थेट पंखाखाली शिरतं, तेव्हा काळजी नसते. ऊन चढलं की मात्र पोटावर उजेड पडतो तो जमिनीवरून उलटून आलेला. वाळलेली खुंटं तो उजेड भरपूर मागे देतात. पांढऱ्या पोटावरचं पीस न् पीस वेगळं दिसतं. तीच कापशी दोन वावरं ओलांडून नांगरलेल्या काळ्या रानावर गेली की तिचं पोट मळकट होतं, आणि पंखांच्या टोकांची करडी पिसं त्यातच मिसळून जातात. पक्षी तोच, कॅमेरा तोच, वेळही तीच.

खानापूरच्या पुढं जांबोटीकडं गेलं की माती तांबडी होते. त्या मातीवर कापशी हवेत थांबली की पोटावर अगदी फिकी तांबूस झाक येते. माझ्या सगळ्या फोटोंत मला तेच जास्त आवडतात. नंतर संगणकावर बसून ती झाक पुसायची आणि पोट दुधासारखं पांढरं करायचं, हे मला पटत नाही. त्या क्षणी तो पक्षी तसाच होता. जांबोटीच्या मातीनं त्याला दिलेला रंग काढून टाकायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

आज सकाळी वाराही मनासारखा होता. कापशी किंवा खरूची (छोटा ससाणा) हवेत एका जागी फडफडत थांबते तेव्हा तिचं तोंड वाऱ्याकडे असतं. थंडीच्या दिवसांत सकाळी आपल्याकडं बहुतेक वेळा वारा पूर्वेचा, आणि सूर्यही त्याच अंगाला. पूर्वेकडं पाठ करून उभं राहायचं: वारा पाठीला, ऊन पाठीला, आणि कापशीचं तोंड सरळ आपल्याकडं. तिचे तांबडेलाल डोळे चमकतात ते अशा उभं राहण्यानं. (पिल्लाचे डोळे इतके लाल नसतात, आणि त्याच्या पाठीवर तपकिरी छटा असते. आज दिसली ती पूर्ण वाढलेली होती.) वारा कळायला कुठलं यंत्र लागत नाही. कुणीतरी बांधावर पाला पेटवलेला असतो, त्याचा धूर बघायचा. संध्याकाळी घाटाकडून वारा सुटला तर सगळं उलटं, मग पश्चिमेला पाठ करायची. हे जमून आलं की निम्मं काम झालं असं मी समजते. बाकीचं निम्मं कापशीच्या हातात.

एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, मी मॅन्युअलवरच ठेवते, हातानं ठरवते. पांढरा पक्षी उजळ आभाळावर असला की कॅमेरा फसून त्याला काळवंडून टाकतो, आणि काळ्या रानासमोर आला की पिसांचा तपशील जळून पांढरा ठिपका उरतो. पक्ष्यावरचं ऊन तर बदललेलं नसतं! म्हणून एकदा उन्हावर माप ठरवायचं आणि मागे काय येतंय त्याकडं बघायचं नाही. शटर १/२५०० सेकंद, सूर मारताना त्याहूनही जास्त. पण ती एका जागी थांबलेली असताना मी मुद्दाम १/५०० पर्यंत खाली येते. तिचं अंग वाऱ्यानं हलतं, पंख सतत चालू, शेपटी उघडते-मिटते, आणि डोकं मात्र जागचं हलत नाही. खालच्या उंदरावरची नजर सुटू नये म्हणून सगळं शरीर त्या डोक्याची चाकरी करत असतं. पंख धूसर आणि डोळा काचेसारखा स्वच्छ, असा फोटो मिळाला तर थांबणं म्हणजे काय ते दिसतं. पंखाचं प्रत्येक पीस गोठवलेला फोटो सुंदर असतो खरा, पण त्यात ती टांगून ठेवल्यासारखी वाटते.

मग ती खाली येते. दोन्ही पंख वर उंच धरून, पाय सोडून, टप्प्याटप्प्यानं. थोडं उतरायचं, पुन्हा थांबून बघायचं, पुन्हा उतरायचं. शेवटच्या झेपेतल्या कितीतरी फोटोंत डोळ्यावर पातळ पडदा आलेला असतो. ती तिची तिसरी पापणी, डोळ्याला इजा होऊ नये म्हणून. असे फोटो लोक पुसून टाकतात. मी ठेवते.

गंजीपाशी एक वयस्कर मामा भेटले. "ताई, कशाचं फोटो काढूलासा?"

"कापशीचा, मामा."

"ती व्हय. सुगी झाली की येतीया बगा. उंदरं लई धरती. खरं हितनं न्हाई बरी दिसायची. त्या बांधावरच्या बाभळीवर बसती सकाळी, तितनं उठती."

बाभळ पूर्वेकडच्या बांधावर होती. ती मला दिसलीच होती, पण कापशी रोज तिथूनच उठते हे मला कुणी सांगितलं असतं? हरभऱ्यात मामांनी पक्ष्यांना बसायला काठ्याही रोवल्या आहेत. उंची कापशीला बेताचीच आहे, तरी बसते म्हणाले.

दुपारी राजहंसगडावर चढून गेले. डोंगराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर खरूची जवळजवळ पंख न हलवता लटकून होती. तटावरून ती डोळ्यांच्या रेषेत येते, कधी तर खाली. विटकरी पाठ आणि त्यावरचे काळे ठिपके वरून बघायला मिळतात, जे शिवारातून कधीच दिसत नाहीत.

तिथं भेटलेल्या काही मुलांनी विचारलं, कोंबडीचे तुकडे टाकले तर घारी जवळ येतात का. येतात. दोऱ्याला उंदीर बांधून कापशी उतरवणारेही आहेत. मी त्यांना सरळ सांगितलं, असं करू नका. जवळून फोटो मिळतो, पण पक्ष्याला माणसाच्या हाताकडं बघायची सवय लागते, आणि सगळेच हात चांगले नसतात. घरट्याजवळ जाऊन फोटो काढण्याचंही तसंच. आणि मध्य आशियातून आलेले भोवत्या (हेही शिकारी पक्षीच) पूर्वेकडच्या माळांवर गवतात जमिनीवरच रात्र काढतात. दिवस मावळताना तिथं गाडी घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला आपण एक रात्र धड झोपू देत नाही.

मामा मंगळवारपासून खुंटं नांगरून मसूर टाकणार आहेत. त्याआधी उद्या संध्याकाळी, वारा घाटाकडून सुटला तर, बाभळीच्या पलीकडं पश्चिमेला पाठ करून उभं राहायचं आहे. शिवार काळं झालं की मग जांबोटी. आजच्या फोटोंतला पाय सोडून उतरणारा एक मोठा छापून मामांना द्यायचा, तो उद्याच घेऊन जाते.